चाचांचं बुडालेलं आरमार

धामणगाव बढ्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हा खोलीसाठी मी चार घरं पाहिली. पहिल्या तिन्ही ठिकाणी मला एकच प्रश्न विचारला गेला, लग्न झालं का. चौथ्या घराच्या ओट्यावर एक गृहस्थ लोखंडी खुर्चीत बसले होते. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी आणि वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर चढवलेला. गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं, पुढे मी चाचा म्हणायला लागले.

"खोली पाहायची होती," मी म्हटलं.

"कोठच्या तुमी?"

"गुहागरची. कोकणातली."

ते खुर्चीतून उठलेच. "म्हंजे समुद्राच्या?"

"हो, घरापासून दहा मिनिटांवर आहे."

"पाह्यला तुमी थो?"

आता समुद्र पाहिला का, याला काय उत्तर द्यायचं! मी मान हलवली. त्यांनी मला बसवलं, आतून चहा मागवला आणि सुरुवात केली. भरती दिवसातून किती वेळा येते? वारा समोरून असला तर वल्हं मारणारा माणूस किती तास टिकते? होडीत उभं राहून माणसाले झोप लागते का? खारं पाणी उकळून प्यालं तं चालते का? मला यातलं भरतीचं उत्तर तेवढं आलं. होडीत बसले की मला मळमळतं आणि पोहता तर येतच नाही, हेही मी प्रामाणिकपणे सांगून टाकलं.

ते माझ्याकडे जरा दयेनंच पाहत राहिले. "बाई, तुमी समुद्राजवळ राह्यल्या का नुसत्या त्याच्या बाजूनं गेल्या?"

पण खोली मिळाली. समुद्राकडचं माणूस घरात राहणार एवढंच त्यांना पुरे होतं.

ते स्वतः तोवर अकोल्याच्या पलीकडे कधी गेले नव्हते. आयुष्यभर त्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधल्या. मोताळा तालुक्यात मिस्त्रींच्या हातची ट्रॉली ओळखू यायची, कारण मागच्या फळीवर ते स्वतःच्या हाताने एक चंद्रकोर काढायचे आणि ती दर वेळी केळ्यासारखी दिसायची. अशा माणसाच्या आयुष्यात समुद्र आला कुठून, तर कोरियातून. त्यांचा एक पुतण्या तिकडे कोजे नावाच्या बेटावर जहाजं बांधण्याच्या कारखान्यात वेल्डर होता. तो मोबाइलवर फोटो पाठवायचा. दहा मजली इमारतीएवढं जहाज, त्यापुढे मुंगीएवढा पुतण्या. चाचा ते फोटो मोठे करून करून पाहायचे. जहाज बाजूला सारून ते वेल्डिंगचा जोड शोधायचे.

एका रविवारी त्या पोराने समुद्रकाठच्या एका स्मारकाचा फोटो पाठवला. चारशे वर्षांहून जुनी लढाई, कोरियाच्या आरमाराची. चाचांनी विचारलं, किती मोठा विजय होता? पोरगा म्हणाला, विजय नाही बडे अब्बा, हे हरले होते. असे हरले की आरमारच संपलं.

तिथेच चाचा अडकले.

"हारल्याचं स्मारक?" हा प्रश्न त्यांनी मला निदान पन्नास वेळा विचारला असेल. "बाई, आपल्या इकडे हारल्यावर मानूस गावातून तोंड लपवून जाते. आन् हे लोक पैसे खर्चून, संगमरवर लावून सांगून राह्यले, का पाहा, आमी इथी हारलो! काऊन?"

मग पुतण्याचं काम वाढलं. सुट्टीच्या दिवशी त्या संग्रहालयात जायचं, पाट्यांचे फोटो काढायचे, मोबाइलवर त्यांचं भाषांतर करून घ्यायचं आणि बडे अब्बांना बोलून पाठवायचं. असे तीन-चार महिने गेले. मी राहायला गेले तोवर चाचांना ती लढाई तोंडपाठ होती. नाव तेवढं तोंडात बसायचं नाही. चिलचिल्यांग, चिल्लरयांग, जे त्या दिवशी जिभेवर येईल ते. घरात चाची होत्या, लहानशा चणीच्या, एका कानाने कमी ऐकणाऱ्या. कोरिया सुरू झाला की त्या बरोबर तो कान चाचांकडे करून बसायच्या.

सांगण्याची त्यांची एक खास रीत होती. कोरियाचा नकाशा त्यांनी बुलढाणा जिल्ह्यावर अंथरला होता.

"हे पाहा, राजा बसला बुलढाण्याले. आरमार इथी, धामणगावाले. जपानी मलकापुरात. आपला सेनापती लय हुशार. बुलढाण्याहून हुकूम येते, का जा, आन् मलकापूरच्या वाटेवर जपान्याले धरा. सेनापती म्हन्ते, हुजूर, खबर खोटी हाय, हे जाळं हाय. आता राजानं समुद्र पाह्यला का? नाई पाह्यला. त्याले आला राग. सेनापतीले काढलं, बेड्या टाकल्या, मारलं, आन् साधा शिपाई करून पाठवून देल्लं."

इथपर्यंत आलं की ओट्यावर ऐकायला बसलेले सरकारी नोकर माना डोलवायचे. मलाही बुलढाण्याहून तसे हुकूम येत असत, तेव्हा मीही.

"त्याच्या जागी दुसरा आनला. थो पह्यल्याच्या नावानं बोंबलत होता, का हा डरपोक हाय. पन खुर्चीवर बसल्यावर त्याले समजलं, का पह्यला खरं सांगत होता. थोबी जाईना. मंग वरचे साहेब आले, त्याईनं त्याले फटके मारले, आन् हा सारं आरमार घेऊन निघाला. दीडशाच्या वर जहाजं! फटके खाल्लेला मानूस डोक्यानं लढत नाई बाई, रागानं लढते. दिवसभर वल्ही मारून मारून मानसं अर्धी झाली. पानी संपलं. चहूकडे पानी, आन् प्याले थेंब नाई. एका बेटाले टेकले, पान्यासाठी धावले, तं तिथी जपानी दबा धरून बसलेले. तसेच मागं फिरले आन् त्या चिलचिल्यांगच्या खाडीत दमून पडले. पहारा धड नाई. सेनापती दारू पिऊन बसला, कोनाशी बोलेना. जपानी आले, लावली आग. संपलं. बारा जहाजं तेवढी निसटली."

"मग?" नवीन ऐकणारा विचारायचा.

"मंग काई नाई. हारले."

खरं तर पुढे मोठी गोष्ट आहे. त्या पहिल्या सेनापतीला परत बोलावलं गेलं. त्याने त्या बारा जहाजांत आणखी एक मिळवलं आणि कितीतरी पट मोठ्या आरमाराला हरवलं. हे मी इंटरनेटवर वाचलं आणि मोठ्या उत्साहाने चाचांना सांगायला गेले.

"मालूम हाय मले," ते म्हणाले. "पन जिंकल्याची गोष्ट कोनीबी सांगते. तिले माही गरज नाई."

एकदा दवाखान्याच्या ओसरीवर त्यांनी ही लढाई मांडून दाखवली. दीडशेवर भुईमुगाची टरफलं म्हणजे कोरियाचं आरमार, लाल मिरच्या म्हणजे जपानी आणि तुरीच्या काड्यांचा किनारा. जंताचं औषध पाजायला आलेली आठ-दहा माणसं आपापली जनावरं धरून गोल उभी होती. मी सुई भरत होते, तेवढ्यात कुणाच्या तरी हातातून एक शेळी सुटली आणि थेट आरमारात घुसली. लोक ओढेपर्यंत तिने जवळजवळ सगळा कोरिया खाल्ला. मिरच्यांना तोंड लावलं नाही.

"जपान्याच्या पह्यले बकरी आली बे!" चाचा ओरडले आणि हसता हसता खुर्चीवरून खाली बसले. ओसरी नुसती फुटली हसण्याने. पण हसणं ओसरल्यावर त्यांनी उरलेली टरफलं मोजली. ती नऊ भरली. खिशातून तीन शेंगा काढून त्यांनी फोडल्या, दाणे शेळीच्या मालकाला दिले आणि टरफलं खाली ठेवली. "बारा म्हंजे बारा. इतिहासात आपल्या मनानं कराचं नाई."

बऱ्याच वर्षांनी, मी बदली होऊन कोकणात परतल्यावर, ते चाचींना घेऊन आमच्याकडे आले होते. त्यांना मी समुद्रावर नेलं. अर्धा तास ते लाटा पाहत उभे राहिले. मग पायजमा वर करून गुडघाभर पाण्यात गेले, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं आणि अतिशय गंभीरपणे म्हणाले, "दुरून बरा हाय."

पण चाचांची गंमत नुसती गोष्ट सांगण्यात नव्हती. त्या स्मारकाने त्यांच्या डोक्यात एक किडा सोडला होता. गावात कुणी हरलं की ते त्याच्या घरी जायचे. दहावी-बारावीचा निकाल लागला की सारं गाव पास झालेल्यांकडे पेढे खायला जायचं, आणि चाचा स्वतः पेढे घेऊन नापासांच्या घरी. तिथे बसून अख्खी लढाई सांगायचे. घरची माणसं आधी चिडत, मग ऐकत. निदान दोन मुलींनी तरी मला सांगितलं की परत परीक्षेला बसण्याचं एक कारण म्हणजे कोरिया पुन्हा ऐकावा लागू नये.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एक गृहस्थ सपाटून पडले. ते निकाल ऐकून घरी येऊन बसले असतील नसतील, तोच चाचा झेंडूचा हार घेऊन दारात हजर. त्या गृहस्थांना वाटलं, हे विरोधकांनी पाठवलंय. त्यांनी चप्पल काढली. चाचा पुढे, हार हातात, मागे चप्पल घेऊन ते पडलेले उमेदवार, अशी ती मिरवणूक एसटी स्टँडपर्यंत गेली. तिथे दोघांनाही दम लागला म्हणून थांबले. कँटीनवाल्याने दोघांना पाणी दिलं. मग चाचांनी धापा टाकत विचारलं, "एक गोष्ट सांगू का?" दुसऱ्या दिवसापासून ते गृहस्थ चाचांच्या ओट्यावर रोज सकाळी चहाला येऊन बसायला लागले. चप्पल मात्र ते ओट्याच्या खाली लांब काढून ठेवायचे आणि चाचा रोज त्याबद्दल त्यांचे आभार मानायचे.

माझ्याकडेही ते एकदा आले होते. नोकरीचं पहिलंच वर्ष. पहिलटकर म्हैस अडली होती. रेडकू आडवं होतं. मला बोलवायला उशीर झाला होता हे खरं, पण मीही आधी एक चूक केली, ती निस्तरण्यात वेळ गेला. रेडकूही गेलं आणि म्हैसही. त्या घरातली माणसं मला एक शब्द बोलली नाहीत. घरच्या बाईने उलट माझ्या हातावर पाणी घातलं. मी खोलीवर आले, दार लावलं आणि बदलीचा अर्ज लिहायला घेतला.

भर दुपारी दार वाजलं. चाचा चहाचा कप घेऊन उभे. मला वाटलं, आता कोरिया. पण त्यांनी गोष्ट काढलीच नाही. खाली बसले आणि म्हणाले, "काय चुकलं?"

मी रडायला लागले. ते थांबले. रडणं संपल्यावर पुन्हा तेच, "काय चुकलं? पह्यल्यापासून सांगा."

मी सांगितलं. आधी काय केलं, मग काय, हात कुठे अडला, कुठे घाई केली. ते वेल्डिंगचं ऐकावं तसं बारकाईने ऐकत होते. मग अर्जाच्या कागदाकडे बोट दाखवून म्हणाले, "हे लिवू नका. चुकलं थे लिवा. तारीख-वार टाकून लिवा. तुमच्या मागून येनारी डॉक्टरीण वाचीन. त्याच्यासाठीच तं स्मारक राह्यते."

मी लिहिलं. ती वही आजही माझ्यापाशी आहे आणि आता तिसरी वही सुरू आहे. पुढच्या वर्षी वडनेर भोलजीहून अशीच रेडकू आडवं असलेली म्हैस आली. या वेळी चुकलं नाही. दोघंही जगली. मी नाचतच घरी येऊन चाचांना सांगितलं.

"जिंकल्या ना?" ते पेपर वाचता वाचता म्हणाले. "मंग माहं काय काम?"

असा हा माणूस. म्हणूनच त्या दिवशी चाची जे बोलल्या त्याने मी चमकले.

कोरियातला पुतण्या सुट्टीवर येणार होता आणि त्याचं लग्न ठरलं होतं. पत्रिका आली, त्यावर पोराच्या नावाने 'बडे अब्बा, यायलाच पाहिजे' असं लिहिलेलं. चाचांनी ती वाचली आणि वेल्डिंगच्या काड्यांच्या डब्याखाली सरकवून ठेवली. मी चाचींना म्हटलं, "लग्नाला कधी निघणार?"

चाची अंबाडीची भाजी निवडत होत्या. "जानार नाईत हे," त्या म्हणाल्या. "साऱ्या गावातल्या हारलेल्याईच्या घरी जाते हा मानूस. एकाच घरी जात नाई."

मग त्यांनी मला सांगितलं. तो पुतण्या चाचांच्या सख्ख्या धाकट्या भावाचा मुलगा. धाकट्याला घरात छोट्या म्हणत. दोघं भाऊ मिळून ट्रॉल्या बांधायचे. अकरा वर्षांपूर्वी कापसाच्या हंगामात एका गिऱ्हाइकाला चाचांनी शब्द दिला होता की शुक्रवारी ट्रॉली मिळेल. छोट्या म्हणाला, एक्सल बरोबर वाटत नाही, भरला माल घेणार नाही, चार दिवस थांबू. चाचा म्हणाले, शब्द म्हणजे शब्द. वाद वाढला आणि चाचांनी दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, त्या पोरवाल्या भावाच्या थोबाडीत मारली. राहिलेलं काम छोट्याने पुरं केलं आणि कापूस भरल्यावर ट्रॅक्टर घेऊन स्वतःच निघाला. वडनेर भोलजीच्या अलीकडे ट्रॉली पलटली. छोट्या फेकला गेला तो कापसावर, म्हणून वाचला. गळ्याजवळचं हाड तेवढं मोडलं.

"आन् हे तिथी गेले," चाची म्हणाल्या, "आन् पह्यलं काय म्हनलं मालूम हाय? तू जानून पाडली."

छोट्या बायको-पोराला घेऊन वरवट बकालला सासुरवाडीत गेला. तिथेच दुकान टाकलं. अकरा वर्षं दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते. पोरगा मात्र मोठ्या काकाला सोडायला तयार नव्हता.

चाचा केव्हा दारात येऊन उभे राहिले होते आम्हाला कळलं नाही.

"पोरानं बोलावलं, बापानं नाई बोलावलं," ते म्हणाले. "आन् माहं काय राह्यलं हो त्या दिवशी? धंदा गेला, नाव गेलं. मीबी हारलोच ना?"

चाचींनी चांगला ऐकू येणारा कान त्यांच्याकडे केला. "एक सांगा. चार वर्सापासून थो कोरियाचा किस्सा सांगून राह्यले तुमी. त्या किश्श्यात तुमी कोन हाये?"

"कोन म्हंजे?" चाचांना हा प्रश्न सोपा वाटला. "पह्यला सेनापती. खरं बोलला आन् बेइज्जत झाला."

"खरं तं छोट्या बोल्लाता," चाची म्हणाल्या. "तुमी थे फटके मारनारे साहेब हाये."

मला एकदम आठवलं, की फटक्यांचा प्रसंग ते नेहमी एका वाक्यात उरकायचे. साहेब आले, फटके मारले, हा निघाला. पाण्यासाठी धावणाऱ्या माणसांवर ते दहा मिनिटं बोलत, त्या साहेबांवर कधीच थांबत नसत.

तीन दिवस ओट्यावर कोरिया झाला नाही. पडलेले उमेदवार सकाळी येऊन चहा पिऊन गुपचूप परत जायचे. चौथ्या दिवशी चाचांनी माझ्यासमोर पुतण्याला निरोप बोलून पाठवला, त्या फटके मारनाऱ्या साहेबाचं पुढे काय झालं रे? उत्तर संध्याकाळी आलं. पोराने शोधलं होतं, विचारलं होतं. त्या साहेबांचं काही झालं नाही. जमिनीवरच्या एका लढाईत त्यांनी मोठं नाव कमावलेलं, लोक अजून त्यांना मानतात.

"आन् माफी?" चाचांनी परत विचारलं. "त्यानं माफी मांगली का कोठी?"

"तसं कुठे लिहिलेलं सापडलं नाही, बडे अब्बा."

चाचांनी मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे थे कराचं राहूनच गेलं त्याचं." आणि आत जाऊन डब्याखालची पत्रिका काढून आणली.

लग्नाला आम्ही तिघं जीपने निघालो. चाचांनी पांढरा कुर्ता-पायजमा घातला होता, अत्तर इतकं लावलं होतं की ड्रायव्हरने काच खाली केली. वडनेरच्या अलीकडे त्यांनी गाडी थांबवली, उतरले आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. "इथी," ते म्हणाले. "साऱ्या रस्त्यानं कापूस होता. बरफ पडल्यावानी." परत येऊन बसले, आणि आम्ही वरवट बकालला पोहोचलो.

मांडव मोठा होता. मध्ये कनात, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला आम्ही बायका. निकाह झाला, दुआ झाली, जेवणाची ताटं मांडायला सुरुवात होणार, तोच माईकवर खरखर झाली आणि ओळखीचा आवाज आला.

"मी नवरदेवाचा बडे अब्बा. जेवनाआधी मले एक गोष्ट सांगाची हाय. कोरियात एक राजा होता."

"या अल्ला," चाची म्हणाल्या. आम्ही दोघींनी कनातीच्या फटीला डोळे लावले. नवरदेवाने सेहऱ्याच्या फुलांत तोंड लपवलं होतं. मांडवाच्या टोकाला, दालच्याच्या, म्हणजे मटण घातलेल्या डाळीच्या, पातेल्याजवळ एक काटकुळा माणूस हातात पळी घेऊन स्तब्ध उभा होता. चाचांचंच नाक, चाचांचीच उंची. तोच छोट्या.

त्या दिवशी चाचांनी पहिल्यांदाच गोष्ट आखडती घेतली. राजा, पहिला सेनापती, दुसरा सेनापती, सगळं भरभर सांगितलं आणि फटक्यांपाशी येऊन थांबले.

"साहेबानं फटके मारले. सगळ्याईसमोर. ज्याले मारलं थो खरं सांगत होता, का आता जाऊ नये. साहेबानं ऐकलं नाई. मी चार वर्सं हे गोष्ट सांगून राह्यलो, पन थो साहेब मीच हाय, हे मले माह्या बायकोनं सांगतलं." मांडवात खसखस पिकली आणि लगेच थांबली. "अकरा वर्साआधी मी माह्या लहान्या भावाले दुकानात थापड मारली. थो एक्सलचं खरं सांगत होता. गाडी पलटली, थो पडला, आन् मी त्याले म्हनलं, तू जानून पाडली. थे झूट होतं. मारलं सगळ्याईसमोर, तं माफीबी सगळ्याईसमोर पाह्यजे. छोट्या, मी हारलो. मले माफ कर."

छोट्याने पळी पातेल्यात सोडली. तो लोकांमधून वाट काढत पुढे आला आणि सगळ्यांना वाटलं, आता गळाभेट. त्याने चाचांच्या हातातून माईक घेतला.

"एक्सल नई था, भाईजान," तो म्हणाला.

"क्या?"

"एक्सल साबूत था. बाद में देखा मैंने. पाटे के ब्रॅकेट का वेल्डिंग छूटा था. वो वेल्डिंग मेरे हात का था. उसी दिन का. थापड़ के बाद का."

म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्याचा जो जोड सुटून ट्रॉली पलटली, तो छोट्यानेच, थोबाडीत खाल्ल्यावर, रागाच्या भरात मारला होता. अकरा वर्षं त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं. आता ते सगळं लाउडस्पीकरवरून वरवट बकालने ऐकलं.

चाचांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहऱ्यावर भलताच संताप.

"तेरे हात का वेल्डिंग छूटता नई!"

"छूटा, भाईजान."

"नई छूटता! मैंने सिखाया तेरे को!"

"मैंने अपनी आँख से देखा ना!"

"तूने क्या देखा? ब्रॅकेट का लोहाच खराब रहेंगा. लोहा मैंने लाया था!"

चूक माझी, नाही, माझी, असं दोघं माईकवरून भांडायला लागले. मांडवात आधी कुणी हसायला धजेना, मग एक म्हातारे हसले आणि मग सगळेच. कनातीच्या अलीकडे छोट्याची बायको चाचींच्या गळ्यात पडली होती, दोघी रडत होत्या आणि मध्येच हसत होत्या. माईक कुणीतरी काढून घेतला, तरी भांडण थांबलं नाही. मांडवाच्या मागे खुर्च्या आणलेली एक रिकामी ट्रॉली उभी होती. छोट्याने तिच्याकडे हात केला, "चलो, दिखाताच हूँ, किधर से छूटता वो." आणि दोघं भाऊ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, पाठीवर झोपून, त्या ट्रॉलीखाली सरकले. आतून ठोकल्याचा आवाज यायला लागला.

थोड्या वेळाने नवरदेव उठला. कोरियात जहाजं जोडणारा माणूस तो, त्याच्याच्याने बसवेना. सेहरा वर बांधून तोही शेरवानीसकट त्यांच्यामध्ये शिरला. बाहेर फक्त पायांच्या तीन जोड्या राहिल्या, दोन कोल्हापुरी चपलांतल्या आणि एक जरीच्या मोजडीतली.

चाचींनी पदराने डोळे पुसले, ते पाय एकदा नीट मोजले आणि माझा हात धरला.

"चला बाई, आपुन जेवून घेऊ," त्या म्हणाल्या. "आता हे तिघं दालचा थंडा झाल्याबिगर बाहेर येत नाईत."